शांता आपटे : पडद्यावरची नीरा आणि प्रभातचें दार

१९३७ सालीं प्रभातच्या ‘कुंकू’ बोलपटांत शांता आपटे यांनीं नीरा उभी केली. वृद्ध विधुराशीं फसवून लग्न लावलेली ही मुलगी तो विवाह मनानें मानीत नाहीं. लाँगफेलोची इंग्रजी कविताही गाते. आम्हां मास्तरांच्या तोंडून ती वर्गांत इतकी जिवंत कधीं झाली नसेल!

पुढें १९३९ सालीं कंपनीशीं वाद होतांच बाईंनीं पुण्यांत प्रभातच्या दाराशींच उपोषण आरंभिलें. त्या जागेंत १९६० पासून चित्रपटविद्येची सरकारी संस्था आहे. नटनटी म्हणजे करारानें बांधलेले पगारी नोकर, असा तो काळ. हॉलिवुडही निराळें नव्हतें : तेथील बेटी डेव्हिस १९३६ सालीं वॉर्नर ब्रदर्सशीं लंडनच्या न्यायालयांत झगडली आणि हरली. शांताबाईंनीं न्यायालय न गांठतां गांधीयुगाचें शस्त्र उचललें.

१९४० सालीं ‘जाऊं मी सिनेमांत?’ हें पुस्तक लिहून त्यांनीं या व्यवसायाविषयीं लेखणीही चालविली. त्यांच्या कांहीं भूमिकांहून मला तें अधिक मोलाचें वाटतें.

प्रभात सुटली, काम सुटलें नाहीं. १९४१ च्या तमिळ ‘सावित्री’ चित्रपटांत एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारद झाल्या, सावित्री शांताबाई. १९६४ सालीं त्या निवर्तल्या.