सर्दीची गोळी घेण्यापूर्वी स्ट्रिपची मागची बाजू वाचा

प्रतिनिधी, पुणे

पावसाळ्याची ओल भिंतींत मुरली, की पुण्या-मुंबईतील अनेक घरांत दिवसाची सुरुवात शिंकांनी होते. नाक वाहते, डोळे चुरचुरतात, टाळूला खाज सुटते आणि कार्यालय गाठण्याच्या घाईत पावले कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाकडे वळतात. 'शिंकांवर काहीतरी द्या' एवढे सांगितले, तरी गोळी हातात पडते. बहुतेक वेळा ती लागूही पडते. मात्र आपण घेतलेल्या गोळीत नेमके कोणते औषध होते, हे सांगू शकणारे ग्राहक विरळाच. गोळीचे व्यापारी नाव आपल्या लक्षात राहते, घटक मात्र आपण वाचत नाही. अ‍ॅलर्जीच्या औषधांचे टाळता येण्याजोगे अपाय होतात ते नेमके इथेच.

दुकानात सहज मिळते ते निर्धोक असते, हा समजही तपासून घ्यायला हवा. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात 'ओव्हर द काउंटर' औषधांची स्वतंत्र व्याख्या केलेली नाही. ज्या स्ट्रिपवर 'आरएक्स' हे चिन्ह असते, ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणेच अपेक्षित आहे. प्रत्यक्षात ते चिठ्ठीशिवाय मिळाले, म्हणून त्याचे दुष्परिणाम कमी होत नाहीत.

शिंका येतात कशामुळे?

दमट हवेत गाद्या-उशांमध्ये वाढणारे धूळकिडे, भिंतींवरील बुरशी, परागकण, पाळीव प्राण्यांचा कोंडा ही अ‍ॅलर्जीची नेहमीची कारणे आहेत. १९५० च्या दशकात पुण्यात नोंद झालेले आणि नंतर देशभर फोफावलेले गाजर गवतही अनेकांच्या त्वचेला व नाकाला त्रास देते. वास्तविक निरुपद्रवी असलेल्या अशा पदार्थाला शरीर शत्रू समजते आणि पेशींमधून हिस्टामिन हे रसायन बाहेर पडते. शिंका, खाज, पाणी वाहणे हा या हिस्टामिनचाच प्रताप. त्याचे कार्य रोखणाऱ्या औषधांना अँटिहिस्टामिन म्हणतात. ही औषधे लक्षणे आवरतात, अ‍ॅलर्जी मुळातून बरी करत नाहीत.

जुन्या व नव्या पिढीतील फरक

क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन ही जुन्या पिढीतील औषधे. ती मेंदूपर्यंत सहज पोहोचतात, त्यामुळे झोप येते आणि प्रतिक्रिया मंदावतात. रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल सकाळी दुचाकी चालवतानाही राहू शकतो. तोंड कोरडे पडणे, लघवी अडणे, बद्धकोष्ठता हेही त्यांचे परिचित परिणाम आहेत. ज्येष्ठांमध्ये गोंधळल्यासारखे होणे व तोल जाऊन पडणे यांचा धोका वाढतो. प्रोस्टेटची वाढ किंवा काचबिंदू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज ही औषधे घेऊ नयेत.

सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन ही नव्या पिढीतील औषधे दिवसातून सहसा एकदाच घ्यावी लागतात आणि तुलनेने कमी गुंगी आणतात. कमी याचा अर्थ अजिबात नाही असा नव्हे. सेटिरिझिन व लेव्होसेटिरिझिनने काहींना चांगलीच पेंग येते. त्यामुळे पहिली गोळी शक्यतो रात्री घ्यावी आणि ती आपल्याला कशी सोसते हे पाहिल्यावरच वाहन हाती घ्यावे. ही दोन्ही औषधे मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात, म्हणून मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा कमी करावी लागते. मद्यासोबत कोणतेही अँटिहिस्टामिन घेऊ नये. गर्भवती व स्तनदा मातांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

एकाच औषधाची दुहेरी मात्रा

सर्वाधिक घोटाळा होतो तो संयुक्त गोळ्यांमुळे. सर्दीच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल, फिनाइलएफ्रिन व क्लोरफेनिरामिन ही तीन औषधे एकत्र असतात. अशी गोळी घेतल्यावर अंग दुखते म्हणून पॅरासिटामॉलची वेगळी गोळी आणि खोकला येतो म्हणून क्लोरफेनिरामिन असलेले सिरप घेतले, तर दोन औषधांची मात्रा नकळत दुप्पट होते. पॅरासिटामॉलचा अतिरेक यकृताला घातक ठरतो.

नाक मोकळे व्हावे म्हणून गोळीत घातलेल्या फिनाइलएफ्रिनची उपयुक्तताच आता वादात आहे. तोंडावाटे घेतलेले हे औषध नेहमीच्या मात्रेत नाक मोकळे करण्यास परिणामकारक नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये काढला. उच्च रक्तदाब असलेल्यांनी तर ते विचारूनच घ्यावे.

माँटेलुकास्ट व लेव्होसेटिरिझिन यांची एकत्र गोळीही आपल्याकडे सर्रास घेतली जाते. माँटेलुकास्टमुळे काही रुग्णांत अस्वस्थता, वाईट स्वप्ने, नैराश्य, आत्महत्येचे विचार असे गंभीर मानसिक परिणाम दिसल्याने याच अमेरिकी प्रशासनाने मार्च २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापणे बंधनकारक केले. नाकाच्या अ‍ॅलर्जीवर अन्य उपाय पुरेसे ठरत नसतील, तरच ते वापरावे, असा त्या इशाऱ्याचा आशय आहे. तेव्हा ही गोळी परस्पर घेण्याची नाही. सुट्या गोळ्यांची पुडीही नाकारावी. तिच्यावर ना घटक असतात, ना मुदत. काही वेळा तिच्यात स्टेरॉइडही असू शकते.

मुलांच्या बाबतीत

मुलांची मात्रा वय व वजनावर ठरते. मोठ्यांची गोळी अर्धी करून देणे हा त्यावर उपाय नव्हे. सिरप बाटलीसोबतच्या मापानेच मोजावे, स्वयंपाकघरातील चमच्याने नव्हे. क्लोरफेनिरामिन व फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचे आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले. प्रोमेथाझिनमुळे श्वसन मंदावण्याचा धोका असल्याने ते दोन वर्षांखालील मुलांना देऊ नये. प्रवासात मूल शांत झोपावे म्हणून असे सिरप पाजण्याची सवय जिवावर बेतू शकते.

गुण येण्यासाठी

औषध योग्य, पण घेण्याची पद्धत चुकीची, असेही घडते. घरातील धुळीचा त्रास असलेल्यांनी दिवाळीची साफसफाई संपल्यावर शिंकत गोळी शोधण्यापेक्षा काम सुरू करण्यापूर्वी एक-दोन तास ती घ्यावी आणि नाकावर रुमाल किंवा मास्क बांधावा. फेक्सोफेनाडिन साध्या पाण्यासोबत घ्यावे. संत्रे, सफरचंद यांच्या रसामुळे ते शरीरात कमी शोषले जाते. अ‍ॅसिडिटीवरील अ‍ॅल्युमिनियम व मॅग्नेशियमयुक्त औषधांनीही तेच होते, म्हणून दोहोंत दोन तासांचे अंतर ठेवावे. गुण आला नाही म्हणून एका दिवसात दुसरी गोळी घेऊ नये.

नाक चोंदल्यावर वापरायचे ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब काही मिनिटांत आराम देतात. ते तीन ते पाच दिवसांहून अधिक वापरल्यास मात्र औषधाचा अंमल उतरताच नाक पूर्वीपेक्षा घट्ट बंद होते आणि माणूस थेंबांच्या आहारी जातो. याउलट, डॉक्टरांनी दिलेल्या स्टेरॉइडच्या नाकातील फवाऱ्याचा पूर्ण गुण दिसण्यास एक-दोन आठवडे लागतात. दोन दिवसांत फरक नाही म्हणून तो सोडू नये. जलनेती किंवा मिठाच्या पाण्याने नाक धुणे उपयुक्त आहे, परंतु त्यासाठी उकळून कोमट केलेलेच पाणी वापरावे. नळाचे कच्चे पाणी नाकात घेऊ नये. चादरी व उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुतल्यास गोळ्यांची गरजच कमी होते.

सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन महिनोन्महिने रोज घेणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. दीर्घकाळ घेतल्यानंतर ती बंद केल्यावर क्वचित काहींना अंगभर तीव्र खाज सुटते, असा इशारा अमेरिकी प्रशासनाने मे २०२५ मध्ये दिला आहे. अ‍ॅलर्जीची त्वचाचाचणी करायची असल्यास साधारण आठवडाभर आधी अँटिहिस्टामिन बंद करावी लागतात. ती कधी थांबवायची, हे डॉक्टरांकडून जाणून घ्यावे.

गोळीवर विसंबू नये असे प्रसंग

ताप, नाकाच्या एकाच बाजूने येणारा पू वा रक्त, छातीत शिटीसारखा आवाज किंवा धाप ही साध्या अ‍ॅलर्जीची लक्षणे नव्हेत. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला अ‍ॅलर्जीचा समजून दाबत बसू नये. क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी.

एखादे औषध, अन्नपदार्थ किंवा कीटकदंश यानंतर अंगावर गांधी उठून ओठ व जीभ सुजू लागली, श्वास लागला, आवाज बसला किंवा चक्कर येऊन रक्तदाब उतरला, तर ती अ‍ॅनाफिलॅक्सिस ही प्राणघातक अवस्था असू शकते. तेथे अँटिहिस्टामिनची गोळी पुरी पडत नाही. रुग्णाला अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन तातडीने मिळावे लागते. गोळीचा परिणाम होण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी वा जवळचे रुग्णालय गाठावे.

दुकानात पाळायचे नियम

- व्यापारी नावाऐवजी घटकाचे नाव सांगून औषध मागावे. शक्यतो एकच घटक असलेली गोळी घ्यावी.
- मुदत व घटक दिसतील अशा रीतीने स्ट्रिप कापून घ्यावी.
- रक्तदाब, मधुमेह, मानसिक विकार, झोप यांवरील चालू औषधांची यादी फार्मासिस्टला दाखवावी.
- आठवडाभरात आराम न पडल्यास किंवा वारंवार गोळी लागत असल्यास डॉक्टरांकडे जावे.

हे सारे करण्यास दुकानाच्या काउंटरवर दोन मिनिटे पुरतात. घटक बारीक अक्षरांत छापलेले असतात. ते वाचता येत नसतील, तर फार्मासिस्टकडून वाचून घ्यावेत. तो ग्राहकाचा हक्क आहे.