भाड्याच्या घरातील सरस्वती

लक्ष्मीपूजनाला आपण वह्यांना हळदकुंकू वाहतो. तेव्हा विद्येचा इतिहास एकदा जमाखर्चाच्या वहीतून पाहावयास हरकत नसावी.

मार्च १६६५ मध्ये रॉयल सोसायटीचा चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग याने लंडनमध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ हे नियतकालिक काढले, तेही पदरच्या खर्चाने. चार पैसे सुटतील ही त्याची आशा फारशी फळली नाही. पण व्यवहार सरळ होता. ज्याने अंक घेतला, अंक त्याचा झाला. पुढे तीनशे वर्षे ग्रंथालयांनी हेच केले. वर्गणी भरावी, अंक बांधून घ्यावेत, कपाटात लावावेत. एखाद्या वर्षी वर्गणी थकली तर नवा अंक येत नसे. जुने मात्र जागचे हलत नसत. काळजी असे ती वाळवीची आणि जागेची.

जागेच्या काळजीतूनच पुढचे सारे घडले. अमेरिकेत डेनिसन विद्यापीठाचे ग्रंथालय वाढवावयाचा प्रश्न निघाला, तेव्हा एक विश्वस्त विल्यम बोवेन यांच्या मनात आले की, भिंती वाढविण्यापेक्षा जुने अंकच संगणकावर चढवावेत. त्यातून १९९५ साली ‘जेस्टोर’ ही संस्था उभी राहिली. आपल्या पुण्याच्या भांडारकर संस्थेचे ‘अ‍ॅनल्स’ही तेथे वाचावयास मिळते. कागद गेला, बांधणी गेली, टपाल गेले. आता विद्या स्वस्त होणार असे कोणासही वाटले असते.

झाले उलटेच! वीज, यंत्रे, जुन्या यंत्रावरचा मजकूर नव्यावर हलविणे, हा खर्च संपतच नाही. पण खरी मेख निराळी. लेख विद्वानांनी लिहावयाचे, तपासावयाचेही बहुधा फुकट, आणि विकत घ्यावयाचे त्यांच्याच ग्रंथालयाने! एप्रिल २०१२ मध्ये हार्वर्डच्या ग्रंथालय समितीने अध्यापकांना कळविले की, मोठ्या प्रकाशकांचे देणे वर्षाला ३७.५ लाख डॉलरांच्या घरात गेले असून हा बोजा पेलवत नाही. ज्यांच्या घरी लक्ष्मी पाणी भरते, त्यांची ही रड.

शिवाय ग्रंथालयाला आता अंक मिळत नाही, वाचण्याचा परवाना मिळतो. करारात जुन्या अंकांची सोय करून घेतली नसेल, तर वर्गणी थांबताच मागचीही दारे बंद. यावर स्टॅनफर्डमध्ये १९९९ साली ‘लॉक्स’ नावाची योजना निघाली. ठिकठिकाणच्या ग्रंथालयांनी आपापल्या प्रती राखाव्यात, म्हणजे मजकूर टिकेल, हे तिचे तत्त्व. पोथ्या घरोघर उतरवून ज्ञानेश्वरी राखणाऱ्यांना ते शिकवावे लागले नसते.

आपल्या केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था, आणि २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. आडगावच्या सरकारी महाविद्यालयातील मुलीपुढे हार्वर्डचे कपाट उघडावे, याचा मला मास्तर म्हणून मनापासून आनंद आहे. करार करणाऱ्यांना एवढेच विचारावेसे वाटते: समजा २०२८ साली पैसे भरले नाहीत, तर २०२६ चा अंक त्या मुलीला दिसेल काय?