टाटा बिझनेस एक्सलन्स मॉडेल
टाटा उद्योगसमूहातील कंपन्यांचा कारभार चांगल्यावरून उत्कृष्टतेकडे नेण्यासाठी आखलेली मूल्यमापन पद्धती. उदारीकरणानंतर स्पर्धा तीव्र झाली, त्या काळात रतन टाटा यांच्या नेतृत्वाखाली ती रुजली. अमेरिकेतील माल्कम बाल्ड्रिज गुणवत्ता पुरस्काराचे (स्थापना १९८७) निकष तिचा पाया आहेत.

नेतृत्व, व्यूहनीती, ग्राहक, मोजमाप व ज्ञान, मनुष्यबळ, कार्यप्रक्रिया आणि फलनिष्पत्ती या सात अंगांनी कंपनीला १,००० पैकी गुण दिले जातात. सर्वाधिक भार फलनिष्पत्तीला आहे. परीक्षक समूहातल्याच इतर कंपन्यांतून निवडून प्रशिक्षित केले जातात. पद्धतीचे खरे बळ इथेच आहे. पोलादाच्या कारखान्यातला अभियंता हॉटेलचा कारभार तपासतो तेव्हा त्याला तिथल्या सवयी ओळखीच्या नसतात, म्हणून तो मूलभूत प्रश्न विचारतो. शिवाय परतताना स्वतःच्या कंपनीसाठी नव्या कल्पना घेऊन जातो. परीक्षणाचा अहवाल बलस्थाने आणि सुधारणेच्या जागा दाखवतो. त्यामुळे गुणांपेक्षा तोच अधिक मोलाचा.

ठरावीक गुणमर्यादा ओलांडणाऱ्या कंपनीस समूहाचा जेआरडी क्यूव्ही (क्वालिटी व्हॅल्यू) पुरस्कार मिळतो. टाटा स्टीलने तो २००० मध्ये मिळवला. पुढे २००८ मध्ये गुणवत्तेसाठीचा जपानचा डेमिंग पुरस्कारही पटकावला.