वसतिगृहातले पहिले वर्ष : बौद्ध विद्यार्थ्यांनी काय माहीत करून घ्यावे?

बारावीचा निकाल लागतो, प्रवेशाच्या याद्या जाहीर होतात आणि आपल्या वस्त्यांमधल्या घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो : प्रवेश तर मिळाला, पण लेकरू राहणार कुठे? शिष्यवृत्तीमुळे फीचा भार हलका होतो. मात्र पुणे, मुंबई, नागपूरसारख्या शहरात राहण्या-जेवणाचा खर्च शेतमजुराच्या, बांधकाम मजुराच्या कुटुंबाला झेपत नाही. खोली मिळाली नाही म्हणून पहिल्याच वर्षी गावी परतलेली मुले-मुली आम्ही पाहिली आहेत. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

वसतिगृह आणि आपली चळवळ

बाबासाहेबांना निवाऱ्याचा प्रश्न स्वतःच्या अनुभवातून ठाऊक होता. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना हे पारशी विद्यार्थी त्यांच्यासोबत राहत. ही मैत्री आयुष्यभर टिकली. तेच बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीसाठी आले, तेव्हा त्यांना कुणी जागा दिली नाही. पारशी धर्मशाळेत त्यांना ओळख लपवून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले.

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली होती. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ मध्ये सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले. पुढे १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, तेव्हा वडाळ्याचे सिद्धार्थ विहार वसतिगृह हे त्या तरुणांचे एक केंद्र होते. वसतिगृहातली एक खाट मिळवण्यामागे एवढा इतिहास आहे. ती मागताना संकोच करण्याचे कारण नाही.

राहण्याचे तीन मार्ग

१) शासकीय वसतिगृह : समाजकल्याण विभागाच्या मुलामुलींच्या वसतिगृहांत बहुतांश जागा अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असतात. निवास, जेवण, शैक्षणिक साहित्य मोफत मिळते आणि दरमहा निर्वाह भत्ता दिला जातो. प्रवेश गुणवत्तेनुसार होतो. अर्जाची मुदत कॉलेज प्रवेशाच्या धावपळीतच संपते, त्यामुळे निकाल लागताच अर्ज भरावा.

२) कॉलेज किंवा विद्यापीठाचे वसतिगृह : येथे आरक्षित जागा किती, शुल्कात सवलत आहे का, हे प्रवेश घेतानाच लेखी विचारून घ्यावे.

३) भाड्याची खोली आणि स्वाधार योजना : पात्र असूनही शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून सुरू आहे. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार, इतर महापालिका क्षेत्रांसाठी ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार आणि तालुक्याच्या ठिकाणी ३८ हजार रुपये आधार-संलग्न बँक खात्यात जमा होतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे आणि कॉलेज ज्या शहरात आहे तेथील विद्यार्थी रहिवासी नसावा, या प्रमुख अटी आहेत. अर्ज करताना चालू वर्षाच्या अटी तपासाव्यात. हप्ता अनेकदा उशिरा येतो. तेव्हा पहिल्या तीन-चार महिन्यांची सोय आधी करून ठेवावी. भाडेकरार, भाड्याच्या पावत्या आणि हजेरीचा दाखला जपावा.

जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आधार आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी जातवैधता प्रमाणपत्र यांच्या साक्षांकित प्रती करून ठेवाव्यात. सर्व कागदांवर नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हे पाहावे. १९९० च्या कायदादुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या. धर्म बौद्ध लिहिला तर सवलत जाते, ही जुनी भीती आता मनातून काढून टाकावी.

खोलीत राहताना

कॉट बेसिसवर खोली शोधताना भाड्याआधी आडनाव विचारले जाते. ‘फक्त व्हेज’ या शब्दांमागे काय आहे, हेही आपल्याला कळते. म्हणून एकट्याने न फिरता शहरातल्या विहाराशी, विद्यार्थी संघटनेशी किंवा गावच्या आधीच्या मुलांशी संपर्क साधावा. डिपॉझिटची पावती घ्यावी आणि ते कधी परत मिळेल हे लिहून घ्यावे.

रूममेटशी पहिल्याच आठवड्यात चार गोष्टी मोकळेपणाने ठरवाव्यात : झाडलोटीची पाळी, वीजबिलाची वाटणी, झोपण्या-अभ्यासाची वेळ आणि बाहेरचे पाहुणे. झाडलोट कायम एकाच्याच वाट्याला येत असेल, तर पहिल्या महिन्यातच बोलावे. मागाहून बोलणे अवघड जाते.

बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लावू की नको, आडनाव सांगू की टाळू, हा प्रश्न अनेकांना पडतो. लपवल्याने सुरुवातीचे काही दिवस सोपे जातात, पण नंतर उघडे पडण्याची धास्ती अभ्यास करू देत नाही. मात्र ओळख कधी आणि कुणाला सांगायची, हा निर्णय ज्याचा त्याचा आहे. जो आज लपवतो आहे, त्याला आपल्याच मुलांनी हिणवू नये. बडोद्यात बाबासाहेबांवरही ती वेळ आली होती.

त्रास झाला तर

भेदभाव प्रत्येक वेळी शिवीच्या रूपात येतो असे नाही. दिल्लीच्या एम्समधील तक्रारींची चौकशी करणाऱ्या प्रा. सुखदेव थोरात समितीने २००७ च्या अहवालात वसतिगृहातल्या वेगळेपणाची नोंद केली होती : छळामुळे अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी ठरावीक मजल्यांवर एकवटले होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी नियम २००९ चे आहेत. २०१६ च्या दुरुस्तीने जात, धर्म, भाषा, प्रदेश यांवरून केलेला छळही रॅगिंग ठरतो. १८००-१८०-५५२२ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून सार्वजनिक वसतिगृहात प्रवेश नाकारणे गुन्हा आहे. लोकांसमक्ष जातिवाचक अपमान झाला, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. म्हणून तारीख, वेळ, साक्षीदार लिहून ठेवावेत, मेसेज पुसू नयेत. गृहपाल किंवा वॉर्डनकडे तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

मन खचत असेल, झोप लागत नसेल, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मोफत बोलता येते. घरी सांगण्यातही कमीपणा नाही.

कार्यकर्त्यांसाठी

प्रत्येक विहाराने जून ते ऑगस्ट या काळात अर्ज भरून देण्यासाठी दोन जाणकार मुले बसवावीत. शहरातल्या विहारांनी नव्याने आलेल्यांना काही दिवस तरी निवारा द्यावा आणि रविवारी वंदनेनंतर त्यांची विचारपूस करावी. जयंतीच्या वर्गणीतून चार विद्यार्थ्यांचे डिपॉझिट भरता आले, तर तोही जयंतीचाच कार्यक्रम समजावा. आणि वसतिगृहात जुने झालेल्या विद्यार्थ्यांनी पहिल्या रात्री नव्या मुलाला, नव्या मुलीला सोबत घेऊन जेवायला बसावे. ती पहिली रात्र एकट्याने काढायला फार जड जाते.

जय भीम!