काळी पडलेली फोड आणि हंगेरीची मिरची

वांगं चिरलं की आपण लगेच पाण्यात टाकतो. पण मुलाने अर्धं खाऊन ठेवलेलं सफरचंद तांबूस झालं, की घरातलं कुणीतरी म्हणतं, "टाकून दे, खराब झालं." विकतचं फळ असं टाकताना जीव तुटतो. ते खरंच खराब झालेलं असतं का?

फळात काही रंगहीन द्रव्यं असतात आणि त्यांच्यावर काम करणारं एक विकर असतं. दोन्ही वेगळ्या कप्प्यांत राहतात. सुरी लागली की कप्पे फुटतात, हवेतला प्राणवायू मिळतो आणि फोड तपकिरी होते. हा रंग विषाचाही नाही आणि जंतूंचाही नाही.

अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञालाही १९२० च्या दशकात हाच प्रश्न पडला. केळं, बटाटा काळे पडतात, मग लिंबू-संत्रं का नाही? लिंबाच्या रसात रंग चढू न देणारं काहीतरी असणार! असा एक पदार्थ त्यांनी १९२८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये गुरांच्या ग्रंथी, संत्री आणि कोबी यांतून वेगळा काढला.

लिंबाचा गुण त्याआधीच दिसला होता. लांबच्या सफरीवर खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं, माणसं दगावायची. १७४७ साली डॉक्टर जेम्स लिंड यांनी १२ आजारी खलाशांपैकी दोघांना संत्री-लिंबं दिली. तेच सर्वांत लवकर सुधारले. पण लिंबात नेमकं काय आहे, ते कळलं नव्हतं. १९३२ मध्ये उलगडा झाला: सेंट-ग्यॉर्गींचा पदार्थ म्हणजेच क जीवनसत्त्व!

आता ते भरपूर हवं होतं. एका रात्री जेवणात लाल मिरची आली. ती खायची इच्छा नव्हती, म्हणून ते ती प्रयोगशाळेत घेऊन गेले. मध्यरात्रीपर्यंत कळलं, मिरची क जीवनसत्त्वाने भरलेली आहे! १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

तेव्हा बायांनो, नुसत्या रंगावर जाऊ नका. ताजी चिरलेली फोड तपकिरी झाली तरी खुशाल खा. लिंबू पिळलं तर रंग टिकतो, पण जंतू मरत नाहीत. वास आला, बुळबुळीत झाली, माश्या बसल्या किंवा दोन तासांहून जास्त उघडी राहिली, तर पांढरीशुभ्र फोडही लेकरांना देऊ नका. कडक उन्हाळ्यात तर तासाभरातच संपवा.