पडद्यावरचे आकाशयुद्ध आणि पडद्याआडचे श्रमिक

दिघोरीसारख्या गावातील मुलेही आज मोबाइलवर शत्रूची विमाने पाडतात. हा निव्वळ पोरखेळ म्हणून सोडून देणे आम्हांस इष्ट वाटत नाही. कारण त्याचा इतिहास पुष्कळ अंशी श्रमिकांचाही इतिहास आहे.

१९७८ साली जपानच्या ताइतो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ रचला आणि पडद्यावरील गोळीबाराचे युग सुरू झाले. १९८४ मध्ये कॅपकॉमचा ‘१९४२’ आला. त्यात खेळणारा अमेरिकन विमान उडवून जपानी विमाने पाडतो, आणि हा खेळ घडविला तो जपानी माणसांनीच! पाश्चात्त्य गिऱ्हाईक डोळ्यांपुढे होते. भांडवलाला स्वदेश नसतो, तो असा. १९८७ मध्ये सेगाच्या ‘आफ्टर बर्नर’ने तर खेळणाऱ्याची खुर्चीच हलवून सोडली.

परंतु हे घडविणाऱ्या हातांचे काय झाले? अमेरिकेतील अटारी कंपनी खेळांवर कर्त्यांची नावे छापीत नसे. नाव नाही आणि विक्रीत वाटाही नाही, म्हणून तिचे चार कुशल कारागीर बाहेर पडले. १९७९ मध्ये ‘अ‍ॅक्टिव्हिजन’ उभी राहिली. यंत्रांची जोडणी करणाऱ्यांना मात्र असे बाहेर पडून भागणार नव्हते. कॅलिफोर्नियातील या कामगारांत संघटना बांधण्याची खटपट चालू होती. अशातच १९८३ मध्ये अटारीने सुमारे १,७०० कामगार कमी करून काम हाँगकाँग व तैवानला नेण्याचे जाहीर केले. विमाने पडद्यावर पडत होती. चुली मात्र खऱ्या विझत होत्या.

आपल्या वायुसेनेनेही २०१४ व २०१९ मध्ये असे मोबाइल खेळ काढले. खेळातला वैमानिक पडला तरी डाव पुन्हा मांडता येतो. आपल्याच जिल्ह्यात, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत, २४ जानेवारी २०२५ रोजी खरा स्फोट झाला. आठ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांचा डाव पुन्हा मांडता येणार नाही.

मुलांचा खेळ हिरावून घ्या, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पोरांनी खेळावे, जिंकावेही. फक्त विमानाच्या पोटातला दारूगोळा आपोआप भरत नाही, तो भरणारा माणूस आपल्याच शेजारचा असतो, एवढे त्यांना घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगावे. शूराचा पोवाडा गाणाऱ्या महाराष्ट्राने शस्त्र घडविणाऱ्याच्या सुरक्षिततेचा हिशेबही मागितला पाहिजे.