हिन्नोमच्या खोऱ्यातली चांदी

उन्हं कलली आहेत. यरुशलेमच्या नैर्ऋत्येला, हिन्नोमच्या खोऱ्यावरच्या उतारावर तुम्ही उभे आहात. साल इसवी सनापूर्वी 600 च्या आसपासचं. मागे चुनखडीच्या खडकात कोरलेल्या दफनगुहा, समोर शहराची तटबंदी. वेस मिटायच्या आत चला.

गल्लीच्या तोंडाशी एक कारागीर मांडी घालून बसलाय. पुढ्यात चांदीचा पत्रा, कागदासारखा पातळ, दहा सेंटिमीटरही लांब नाही. हातात टोकदार सळई. वाका, आणखी वाका. अक्षरं केसासारखी बारीक आहेत, उजवीकडून डावीकडे जाणारी, जुन्या इब्री लिपीतली. योद, हे, वाव, हे. देवाचं नाव. ते कोरताना त्याचा हात अडखळत नाही, पण श्वास रोखलेला दिसतो.

नावापुढे काय येतं ते बघा. त्याने तुला आशीर्वाद द्यावा, तुला सांभाळावं, त्याचा चेहरा तुझ्यावर उजळावा, तुला शांती मिळावी, असा मजकूर आहे. हा देव वाइटाला दटावतो, असंही शेजारच्या दुसऱ्या, छोट्या पत्र्यावर आहे. आणि मोठ्यावर आहे ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं: जे त्याच्यावर प्रेम करतात त्यांच्याशी केलेला करार तो पाळतो. पत्रा गुंडाळून सुरळी होते, सुरळीचा ताईत होतो. 1979 मध्ये गॅब्रिएल बर्काय यांच्या उत्खननात असे दोन ताईत त्या गुहांमधल्या एकीत हाती लागतील. बायबलमधल्या मजकुराचा इतका जुना लेखी पुरावा दुसरा नाही.

आता खोऱ्याच्या तळाकडे नजर टाका. तिथे तोफेत नावाचं बळीस्थान होतं. मोलख नावाच्या देवासाठी लोकांनी पोटची पोरं तिथे आगीत दिली. योशीया राजाने ती जागा भ्रष्ट करून टाकली, तरी माणसं विसरलेली नाहीत. असलं काही आपल्या मनातही कधी आलं नव्हतं, असं देव म्हणतो, हे यिर्मया संदेष्टा अजून ओरडून सांगतोय. त्याच खोऱ्याच्या काठावर कोणी आई हा ताईत लेकराच्या गळ्यात बांधत असेल. तिचा देव लेकरू मागत नाही, सांभाळायचा शब्द देतो. देव स्वतःला शब्दात बांधून घेतो, म्हणजे त्याला त्या शब्दाची आठवण करून द्यायचा हक्कही माणसाला मिळतो.

तो हक्क वापरणारा माणूस बघायचा असेल, तर इ.स.पू. 587 मध्ये या. बाबेलच्या फौजेचा वेढा पडलाय, मोर्चे तटाला भिडलेत, शहरात भाकरी मिळेनाशी झालीय. पहारेकऱ्यांच्या चौकात यिर्मया कैदेत आहे. चुलतभाऊ हनामेल येतो: आपल्या अनाथोथ गावचं माझं शेत विकत घे, नातलग म्हणून सोडवून घ्यायचा हक्क तुझा आहे. शत्रूच्या टाचेखालची जमीन! तरीही तराजू येतो. पारड्यात चांदी पडते, 17 शेकेल, म्हणजे दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर. साक्षीदार सह्या करतात. खरेदीखताच्या दोन प्रती, एक मोहोरबंद, एक उघडी. त्या मातीच्या मडक्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकायला हव्यात, असं यिर्मया आपल्या लेखनिकाला, बारूखला बजावतो.

मग तो प्रार्थनेला लागतो, आणि ती जवळ जाऊन ऐका. आधी तो देवाच्या नावाचा, हजारोंवर केलेल्या दयेचा उच्चार करतो. आणि मग सरळ विचारल्यासारखंच बोलतो: शहर शत्रूच्या हाती चाललंय आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? या धिटाईचा देवाला राग येत नाही. उत्तर येतं ते गावाशिवाराच्या बोलीत: बन्यामीनच्या मुलखात, यरुशलेमच्या आसपास, डोंगराळ भागात, सखल भागात, दक्षिणेत पुन्हा शेतं विकली जातील, खतं लिहिली जातील, साक्षीदार बसतील. शिक्षा मात्र टळणार नाही, हेही तो लपवत नाही. इ.स.पू. 586 मध्ये मंदिर जळतं, माणसं बाबेलला नेली जातात.

आणखी अर्धं शतक ओलांडा. बाबेल पडलंय, पर्शियाच्या राजाने, कोरेशाने परतायची मुभा दिलीय. परतणाऱ्यांची घराणंवार, गाववार यादी एज्राच्या पुस्तकात आहे. गर्दीत मिसळा आणि नावं ऐकत थांबा. बेथलेहेम, नटोफा, आणि मग अनाथोथ: 128 माणसं.